धुडाची चाल

६ जानेवारी

धूड माझ्याकडे आलं. बाईंनी आज सगळ्यांसमोर सांगितलं. बाई म्हणजे आमच्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण त्या समोर आल्या की मीही खुर्चीत सरळ होऊन बसतो.

पटकथेत त्या प्राण्याला भारदस्त नाव आहे, ते कोणी घेत नाही. मागचं अंग आणि मागचे पाय अस्वलाचे, पुढचे पाय, मान आणि डोकं बगळ्याचं. चित्र पहिल्यांदा पडद्यावर आलं तेव्हा सांगाडेवाला म्हणाला, हे काय धूड आणलंय, आणि तेच नाव चिकटलं. सांगाडेवाला माझा जुना दोस्त. कॉम्प्युटरमध्ये त्याने प्राण्याची हाडं आणि सांधे बसवायचे आणि मी ते हलवायचे, अशी आमची वाटणी.

गोष्टीत एक मुलगी धुडाच्या पाठीवर बसून अख्खा मुलूख पार करते. म्हणजे हे चित्रपटभर चालणार. फेब्रुवारी संपायच्या आत चाल पसंत पडली नाही, तर धूड दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल आणि आमचा विभाग बंद होईल. गेल्या चित्रपटातले माझे शॉट दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतले होते. तोंडावर कोणी बोलत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कोणी आपणहून येऊन बसत नाही.

बायको म्हणाली, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा डोक्यातलं लिहून काढत जा. म्हणून हे.

११ जानेवारी

सबंध दिवस प्राणिसंग्रहालयात. अस्वलासमोर कॅमेरा लावला. अस्वल आपल्यासारखा अख्खा तळवा टेकून चालतं, पंजे आत वळलेले, आणि कातडी प्रत्येक पावलामागून जरा उशिरा येते, अंगातला कोट थोरल्या भावाचा असावा तशी. नंतर तळ्याकाठी बगळे. बगळ्याने पाऊल उचललं की बोटं मिटतात, टेकवताना उघडतात, आणि मध्ये तो इतका विचार करतो की आपल्यालाच अवघडायला होतं.

घरी आलो तर दांडगोबा दारात आडवा. हा आमचा कुत्रा. लेक आठ वर्षांची होती तेव्हा तिने हट्टाने आणला. आणला तेव्हा टोपलीत मावत होता, आता सोफ्यावर चढला की आम्ही उभे. लेक आता सोळाची झाली. आमच्याशी तुटक बोलते, त्याच्याशी तासन् तास.

२२ जानेवारी

पहिली चाचणी दाखवली. पुढचे पाय बगळ्याचे, मागचे अस्वलाचे, दोन्ही अगदी बिनचूक. आणि एकत्र बघावं तर शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन पोरं घोड्याच्या एकाच सोंगात शिरतात ना, तसं.

बाईंनी दोनदा बघितलं. म्हणाल्या, "पोटापाशी शिवण दिसते." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी

मागचा ठेका पुढच्या पायांना दिला. आता अख्खं अस्वल चालतं आणि पुढे बगळा अडकवलाय.

२६ जानेवारी

उलट करून पाहिलं. अस्वल चवड्यांवर नाचायला लागलं. सांगाडेवाला हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मीही हसलो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२ फेब्रुवारी

दिवसभरात काही केलं नाही. पडद्यासमोर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. धूड पडद्यावर एक पाय उचलून उभं आहे आणि मला वाटतं ते माझी कीव करतंय. एवढी वर्षं मी प्राणी हलवले. ते मला येत होतं, की तेव्हाचे बघणारेच भले होते?

पुढचा आणि मागचा एकाच ठेक्यात चालले तर प्राणी खोटा वाटतो. वेगवेगळ्या ठेक्यात चालले तर दोन प्राणी होतात. यात तिसरं काही असतंच कुठे?

जेवताना बायको सांगत होती की दांडगोबा हल्ली जिना चढत नाही, खालच्या पायरीशी बसून राहतो. मी म्हटलं, वजन वाढलंय साहेबांचं. मागच्या पायांची नखंही घासून बोथट झाली आहेत म्हणे. म्हटलं, चला, कापायचा त्रास वाचला. ती हसली नाही. माझ्या विनोदांना हल्ली घरात बरकत नाही.

७ फेब्रुवारी

सापडलं.

सकाळी बूट घालत होतो आणि दांडगोबा आतल्या खोलीतून माझ्याकडे येत होता. पुढचे पाय आखूड आखूड, ताठ, टिचकीसारखे पडत होते. मागचे लांब, फाकलेले, झुलत, उशिरा. पुढचा कुत्रा निघाला होता आणि मागचा त्याला नाही म्हणत होता. दोन ठेके, आणि तरी कुत्रा एकच. का? कारण मध्ये पाठ होती. पुढचं ओझं मागे आणि मागचं पुढे पोचवताना ती प्रत्येक पावलाला जराशी कचरत होती. शिवण होती, पण जिवंत शिवण. मला ती झाकायची नव्हतीच. मला ती चालवायची होती.

एक बूट घालून तसाच बसून राहिलो. तो येऊन माझ्या गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला. हे घरातच होतं आणि मी अस्वलं बघत हिंडत होतो. म्हातारपणाने त्याला चाल दिली आहे, असली चाल मी कुठे पाहिली नाही.

कामावर उशिरा गेलो. कॅमेरा घेऊन तास-दीड तास त्याला बोळातून फिरवलं.

१० फेब्रुवारी

सुट्टी. मागच्या अंगणात सकाळपासून शूटिंग. बाजूने, समोरून, मागून, जमिनीला कॅमेरा लावून. तो मध्येच बसतो. मग पट्ट्याला धरून उठवावं लागतं. बिस्किटाने सुरुवातीला काम भागलं, नंतर बिस्किटही नको झालं. मान खाली घालून चालतो, वर करतच नाही, आणि धुडाची लांब मान कशी धरायची हा माझा दुसरा प्रश्नही परस्पर सुटला. देव देतो तेव्हा असं देतो.

लेक खिडकीतून बघत होती. खाली येऊन म्हणाली की तो दमलाय, पुरे कर. मी म्हटलं, एकदाच, उन्हातलं घेतो. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. ती चित्रात येत होती म्हणून मला तिला बाजूला व्हायला सांगावं लागलं.

१६ फेब्रुवारी

आज दाखवलं. धूड रिकाम्या माळावरून आपल्याकडे चालत येतं, थांबतं, पुन्हा चालतं. बस, एवढंच.

दिवे लागले तरी बाई पडद्याकडेच बघत होत्या. मला वाटलं संपलं. मग त्या म्हणाल्या, "हे जिवंत आहे. याला काहीतरी झालंय, आणि तरी हे चालतंय." मागे कोणीतरी टाळी वाजवली. सांगाडेवाल्याने माझ्या पाठीत एवढा गुद्दा घातला की अजून दुखतंय. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी खुर्च्या कमी पडल्या.

सांगाडेवाल्याने धुडाच्या सांगाड्याला पडद्यावर एक नवी सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, बसवली. ती वर सरकवली की मागचं अंग पुढच्याला जास्त नाही म्हणतं. तिला त्याने नाव दिलं, दांडगोबा. घरी येताना दांडगोबासाठी मोठं हाड आणलं. त्याने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. नखरे.

२० फेब्रुवारी

बायको म्हणते त्याला डॉक्टरांना दाखवू. मी म्हटलं, दाखवू की. ती म्हणाली, गुरुवारी. मी म्हटलं, पुढच्या सोमवारनंतर. गाडी माझ्याकडे असते आणि एवढं जनावर उचलायला दोन माणसं लागतात, तेव्हा माझ्या सवडीशिवाय व्हायचं नाही.

खरं लिहायचं तर हे. डॉक्टर औषध देणार, औषधाने सांधे मोकळे होणार, आणि चाल जाणार. मला अजून उतार हवा आहे. धूड डोंगर उतरतं तो मोठा प्रसंग आहे. बसणं हवं आहे, बसून उठणं हवं आहे. चार-आठ दिवसांनी काय बिघडतं? तो विव्हळत नाही, खातो थोडंफार, शेपटी हलवतो. दुखत असतं तर कळलं असतं. जनावराचं अंग वाचणं हाच माझा धंदा आहे.

सोमवारनंतर म्हटल्यावर बायको उठून स्वयंपाकघरात गेली. ती चिडते तेव्हा भांडी जोरात वाजतात. आज वाजली नाहीत.

२७ फेब्रुवारी

मैदानाच्या मागच्या टेकाडावर नेलं. त्याला गाडीतून उतरवताना माझीच कंबर धरली. वर पोचायला वेळ लागला, मी पट्टा ओढत, तो मागे. उतरताना पहिल्या खेपेला छान आला. दुसऱ्या खेपेला पुढचा पंजा उलटा दुमडला आणि तो तोंडावर पडला. आवाज केला नाही. पडल्यावर आधी पुढचं अंग उठलं, मग बराच वेळ मागचं येतच नव्हतं, आणि तो मागे वळून बघत होता, हे कोणाचं पडलंय म्हणून.

कॅमेरा चालू होता. पटकथेत धूड पडतं तो शॉट आहे. मी बंद केला नाही.

रात्री जेवताना ते लेकीला सांगितलं. वाटलं तिला त्याचं कौतुक वाटेल, पडून पुन्हा कसा उठला त्याचं. ती ताट तसंच ठेवून उठली.

४ मार्च

दुपारी बायकोचा फोन आला, दवाखान्यात ये. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दोघी मायलेकींनी त्याला नेलं होतं. मला विचारलंही नव्हतं.

डॉक्टर माझ्याच वयाचे, शांत. क्ष-किरणांचे फोटो प्रकाशासमोर धरून त्यांनी सांगितलं. मानेचे मणके सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला आहे. मागच्या पायांना मेंदूचा निरोप आधी कमी पडतो म्हणून ते झुलतात. पुढचे आखूड पडतात ते मानेच्या दुखण्याने. मान खाली असते कारण वर केली की कळ जाते. मोठ्या कुत्र्यांत होतं हे. "बघणाऱ्याला वाटतं, दोन कुत्री मध्ये जोडली आहेत," ते म्हणाले. "चाल अशी केव्हापासून आहे?"

मी तोंड उघडलं. लेकीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "बाबाकडे सगळं रेकॉर्ड केलेलं आहे. तारखांसकट."

डॉक्टरांनी फोनवर ते बघितलं. पहिल्या दिवसाचं, अंगणातलं, टेकाडावरचं. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त एका ठिकाणी थांबवून विचारलं की हा गळ्यातला पट्टा ओढतंय कोण. पहिल्या शूटिंगच्या सुमाराला आणलं असतं, तर शस्त्रक्रियेने बरीच आशा होती असं ते म्हणाले. आता तो उभा राहू शकत नाही. टेकाडानंतर दोन दिवसांनी बसला तो बसलाच. मला वाटत होतं, दमलाय.

पडला तो शॉट त्यांनी पूर्ण बघितला नाही. फोन परत दिला.

५ मार्च

गोळ्या, इंजेक्शन. बैठकीत गादी घातली आहे. लेक तिथेच झोपते. मी खोलीत गेलो की ती बोलायची थांबते, त्याच्याशी चाललेलं असतं ते.

मी जवळ गेलो तर तो शेपटी हलवतो. हलवू नये असं वाटतं.

९ मार्च

डॉक्टर शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी आले. डोकं लेकीच्या मांडीवर होतं, बायकोचा हात पाठीवर. मला जागा नव्हती असं नाही. मी दाराशी उभा राहिलो.

मग मागच्या अंगणात खड्डा खणला. तेवढं मला करू दिलं.

१८ मार्च

बाईंकडे गेलो. सगळं सांगितलं आणि चाल बदलू द्या म्हणालो. नवीन शोधतो, रविवारी येतो, सुट्ट्या सोडतो, वाटेल ते करतो.

त्यांनी ऐकून घेतलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. त्यांच्याकडेही मांजर होतं, ते गेलं तेव्हाचं सांगितलं, आणि ते मनापासून होतं. मग म्हणाल्या, अर्ध्याहून जास्त शॉट या चालीवर उभे आहेत, बाकीची मंडळी तीच शिकताहेत. "आता ती तुमच्या कुत्र्याची राहिली नाही, धुडाची झाली. आणि तुम्ही केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. ते मी कसं फेकू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. मी मान डोलावली. चांगलं काम म्हणाल्या तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

सांगाडेवाल्याने न सांगता त्या सरकपट्टीचं नाव बदलून टाकलं. आता तिथे नुसतं 'मागचं अंग' आहे. माझा हात रोज तिच्यावर जातो. वर सरकवतो, धूड झुलायला लागतं.

३ एप्रिल

नवीन चौघं आले आहेत, त्यांना चाल शिकवतो. पाय बरोबर करतात, पण मान त्यांना जमेना. कोणी बगळ्याची ऐट आणली, कोणी गाईची सुस्ती. एकीने विचारलं, हे मान खाली का धरतं हो?

मी म्हटलं, "वर केली की दुखते म्हणून."

तिने मान हलवली आणि कामाला लागली. दुपारपर्यंत चौघांची मान हुबेहूब झाली. बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, तुम्ही शिकवता छान.

२१ एप्रिल

घरात आम्ही तिघं नीट वागतो. मीठ दे, दार लाव, उद्या लवकर जायचंय. बायकोने एकदाच विषय काढला. म्हणाली, तुझ्यावर चिडायचं म्हणून मी बसते, आणि मग आठवतं की गुरुवार मीही जाऊ दिला. मी म्हटलं, तुझं काही नाही त्यात. ती म्हणाली, "ते तू ठरवू नकोस." आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

गादी अजून बैठकीत आहे. उचलायला कोणी हात लावत नाही. आम्ही तिला वळसा घालून जातो.

६ मे

शेवटचा शॉट माझ्या वाट्याला आला. मुलगी घरी पोचते, पाठीवरून उतरते, आणि धूड मोकळं होऊन माळावरून पळत जातं. बाईंना पळताना ते सुटलेलं हवं आहे, कुठेही न दुखणारं.

माझ्याकडे दांडगोबाचं तासन् तासांचं शूटिंग आहे. त्यात तो कुठेही पळत नाही. आठ वर्षं तो घरभर धावत होता, फुलदाण्या पाडत होता, आणि मी एकदाही कॅमेरा काढला नव्हता. तेव्हा त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

प्राणिसंग्रहालयात जाऊन धावणारं काहीही टिपून आणता येईल. दोन दिवस निघतो निघतो म्हणतोय, निघालो नाही.

८ मे

लेकीच्या दारावर टकटक केली. तिच्या फोनमध्ये तो पळतानाचं काही आहे का, विचारलं. कशासाठी ते खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तरी तिला कळलंच असतं.

ती म्हणाली, "खूप आहे. देणार नाही."

मी बरं म्हणून वळलो. तेव्हा तिने हाक मारली. बऱ्याच दिवसांनी बाबा म्हणाली. म्हणाली, "एकदा दाखवते. फोन माझ्या हातात राहील. मग तुझं तू कर."

तिच्या पलंगाच्या कडेवर बसलो. ती शेजारी, मध्ये हातभर अंतर ठेवून. पडद्यावर आमचंच अंगण, सहा-सात वर्षांपूर्वीचं. शूटिंग बायकोने केलेलं, बोट अर्धं काचेवर. लेक केवढीशी, दोन वेण्या उडताहेत, चेंडू फेकते आणि स्वतःच धावते. दांडगोबा कुंपणापासून येतो. कान उलटे झालेले, तोंड उघडं, चेंडू सोडून तिच्याकडेच येतो, तिला आडवी करतो, आणि ती खाली पडून हसते आहे, हसता हसता त्याला ओरडते आहे. मग बाजूने मी चित्रात येतो. कामावरून आलेला, पिशवी खांद्याला. तो तिला सोडून माझ्याकडे सुटतो. मी हाताने त्याला बाजूला करत आत निघून जातो. तो दाराशी उभा राहतो, आत बघत.

तिने फोन बंद केला. मला वाटतं, तिला तो शेवटचा भाग मला दाखवायचाच होता. किंवा नसेलही. तिचे डोळे भरले होते. मी हात पुढे केला तर तिने आपला मागे घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

१० मे

दोन दिवस त्या शॉटवर बसलो. जमत नाही. कुठलाही प्राणी एकदा बघितला की मला तो उतरवता येतो, एवढ्या भांडवलावर आजवर पोट भरलं. आता डोळे मिटतो आणि कान दिसतात, उघडं तोंड दिसतं, ती खाली पडलेली दिसते, दाराशी तो दिसतो. पुढचा पाय आधी टेकला की मागचा, पाठ कुठे वाकली, काही म्हणता काही आठवत नाही. समोर एवढं चाललेलं असताना मी त्याचे पाय बघितलेच नाहीत. नजर गेली माझी.

संध्याकाळी बाईंना सांगितलं की हा शॉट माझ्याने होणार नाही, दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी दिला.